चपखल मिस्त्रीची फुंकर

...आणि कवळी शर्टाच्या वरच्या खिशात, पाना मागच्या खिशात, जेटचा डबा काखेत, अशा अवतारात चपखल मिस्त्री भर दुपारी बोळक्या तोंडानं माळाकडे धावत सुटला, इथवर गाडी आली होती. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कुठंतरी आग लागली. आग अजून लागली नव्हती, लागायच्या बेतात होती, आणि ती मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं फुंकून ठेवली होती. तिकडं माळावर दातांचे डॉक्टर आपल्या चार चाकी फटफटीवर मांड ठोकून चढाईच्या शर्यतीला तयार होते. चढ संपून उतार लागताच त्या गाडीचं इंजिन आवळून जाम होणार, मागची चाकं जागच्या जागी थांबणार आणि डॉक्टर तेवढे पुढं जाणार, ही गोष्ट सबंध वस्तीत एकट्या मिस्त्रीला ठाऊक होती. त्यावर उपाय एकच होता. स्वतः केलेलं काम स्वतःच्या हातानं परत उघडायचं. आणि नेमकं तेच त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं.

आता एवढ्या धावपळीत माणसाची ओळख करून द्यायची राहिलीच. ती करून देऊ, तोवर त्याला पळू द्या. रस्ता लांबचा आहे आणि मिस्त्रीला दम आहे.

मिस्त्रीचा बाप स्टोव्ह दुरुस्त करायचा. स्टोव्हच्या डोक्यात पितळेचं बोंड असतं, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून रॉकेलची वाफ सुटते आणि पेटते. भोक बुजलं की स्टोव्ह रडतो, मोठं झालं की भडकतो. बापाकडं मोजायला काही साधन नव्हतं. तो बोंड ओठात धरायचा आणि फुंकायचा. गाल किती फुगतात आणि शिट्टी कशी निघते, यावरून सांगायचा, "हे गेलं," किंवा "हे अजून दोन पोरांची लग्नं बघेल." पोरगा शेजारी बसून तीच विद्या शिकला. शाळेत गुरुजींनी विचारलं, "फुंकून काय होतं रे?" तर म्हणे, "माप होतं." गुरुजींनी त्याचं माप घेतलं ते निराळ्या साधनानं.

पुढं स्टोव्ह गेले आणि फटफट्या आल्या. पोराचा मिस्त्री झाला. कार्बोरेटरच्या पोटात तसंच पितळेचं बोंड पाहून त्याला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. त्याला म्हणतात मेन जेट. इंजिनात पेट्रोल किती जायचं ते या मण्याएवढ्या तुकड्याच्या भोकावर ठरतं. जेटवर नंबर ठोकलेला असतो, आणि साधी माणसं तो वाचून काम करतात. मिस्त्रीला नंबराचा तिटकारा. "नंबर ठोकणारा माणूस पगारी. महिनाअखेरीला काय ठोकेल त्याचा नेम नाही. एका कंपनीचा नंबर दुसरीला कळत नाही. माझं तोंड मात्र एकच आहे," असं तो म्हणायचा. जुन्या गाड्यांतली, भंगारातली, कुणी कुणी ड्रिलनं मोठी केलेली अशी जेटं एका डब्यात मिसळलेली असत. मिस्त्री डोळे मिटून एकेक ओठात धरायचा, गाल फुगवायचा, आणि हवं ते निघालं की बसवून टाकायचा. मग सीटवर एक थाप आणि एकच शब्द: "चपखल!"

या शब्दानंच त्याचं बारशातलं नाव खाल्लं. त्याच्या पोरीच्या लग्नात निमंत्रितांनी दारात विचारलं होतं, "चपखल मिस्त्रींकडचं कार्य हेच ना?"

एकदा थाप पडली की काम संपलं. त्यानंतर ते परत उघडायचं नाही, हा त्याचा कायदा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मिस्त्री गाडीकडं बघायचाच नाही, गिऱ्हाईकाकडं बघायचा. "पेट्रोल कुठनं भरलं?" "हवा बदललीय हल्ली." "तुमचं वजन वाढलंय का?" एका मास्तरांना तर म्हणाला, "गाडी चपखल आहे. बदललात ते तुम्ही. सवय होईल." मास्तर बिचारे आठवडाभर जेवण कमी करून परत आले, तर म्हणाला, "आता फार हलके झालात." खरी गोष्ट अशी, की फुंकर बहुतेक वेळा बरोबर असायची. त्यामुळं उरलेल्या वेळी ती चुकली हे सिद्ध करायला कुणी धजत नसे.

बायको मात्र त्याला ओळखून होती. शेजारणीला सांगायची, "ह्यांनी उभ्या जन्मात एकच वस्तू पुन्हा उघडून पाहिली. माझ्या माहेरून आलेला खाऊचा डबा. तोही रिकामा झालाय याची खात्री करायला."

हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मिस्त्रीचा साडू, चौकात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. साडू म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याला साडू आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळायचं नाही. याचा चकचकीत काउंटर, त्याचं तेलकट बाकडं. याच्याकडं प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवीवर नंबर. दोघं समोरासमोर आले की साडू गाल फुगवून विचारायचा, "काय साडूबुवा, आज किती वाऱ्याचं काम झालं?" आणि मिस्त्री म्हणायचा, "तुम्ही पिशव्या वाचा. वाचन चांगलं असतं."

आता दातांकडं येऊ. मिस्त्रीचे दात त्याच्याच कामी आले. तार सोलायची दातांनी, आवळलेलं झाकण दातांनी, रबराच्या नळीतून पेट्रोल ओढायचं ते दातांतून. हळूहळू दात एकेक करून राजीनामा देत गेले. उरलेले डॉक्टरांनी काढले आणि कवळी बसवली.

हे डॉक्टर म्हणजे मोठी असामी. हुशार, हात हलका, दवाखाना असा लख्ख की आत जाताना लोक चपलांबरोबर आवाजही बाहेर ठेवायचे. एकच गोष्ट होती, त्यांचं बोलणं आजवर कुणी खोडलेलं नव्हतं. खोडणार कसं? समोरच्याचं तोंड उघडं आणि आत डॉक्टरांची दोन बोटं. डॉक्टर विचारायचे, "दुखत नाही ना?" पेशंट म्हणायचा, "आ." डॉक्टर म्हणायचे, "छान." वर्षानुवर्षं असं चालल्यावर माणसाला वाटणारच की जग आपल्याशी सहमत आहे.

मिस्त्रीच्या तोंडात कवळी सरकवून डॉक्टर म्हणाले, "वा! कशी चपखल बसलीय." स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून, तोही स्वतःच्याच तोंडाबद्दल ऐकून मिस्त्री चमकला. कवळी बसली होती, पण भाडेकरू बसतो तशी. घर आपलं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. बोलताना टकटक वाजायची. ओठ घट्ट मिटायला गेलं की वरची खाली सरकायची आणि ओठांच्या कोपऱ्याला फट पडायची. चहात बुडवलेला पावसुद्धा हिरड्यांना टोचायचा. म्हणून तो पुन्हा दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, ही हलते."

डॉक्टरांनी कवळीकडं पाहिलंच नाही. मिस्त्रीकडं पाहिलं. "हलत नाही. कवळी चपखल आहे. बदललीय ती तुमची हिरडी. मधल्या काळात वजन कमी झालं का?"

"जेवता आलं तर वजन राहील ना!"

"सवय होईल," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं.

मिस्त्री पायऱ्या उतरला तो रागानं धुमसत. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरूनच म्हणाली, "अहो, पण ही सगळी वाक्यं मी कुठंतरी ऐकलीयत." मिस्त्री बाकड्यावर जाऊन उगाच एक नट घासत बसला.

त्याच सुमारास डॉक्टरांना चार चाकी फटफटीचा नाद लागला. जाड टायरची चार चाकं, वर फटफटीचं हँडल, आणि टू-स्ट्रोक इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. म्हणजे पेट्रोल हेच त्याचं जेवण आणि तीच त्याची मालीश. माळावर गावातली बरी कमावती मंडळी जमायची, चढावर गाड्या घालायची आणि खाली येऊन एकमेकांच्या सायलेन्सरची स्तुती करायची. डॉक्टरांनी साडूच्या दुकानातून फुगीर पोटाचा नवा सायलेन्सर घेतला, हवेच्या डब्याचं झाकण काढून मोकळा फिल्टर लावला. साडूनं विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं, "हे लावा नि पळा. बाकी काही करायला लागत नाही." स्वतःच्या तशाच चार चाकी गाडीलाही त्यानं हेच लावलं होतं आणि ती तेव्हापासून पळण्याचं सोडून सगळं करत होती.

गाडी मिस्त्रीकडं आली. मिस्त्रीनं ऐकलं, वास घेतला आणि डॉक्टरांना समजावलं, "हे बघा, तुम्ही याचं नाक मोठं केलंत आणि धूर जायची वाट मोकळी केलीत. आता हा भरपूर हवा ओढणार. पण घास तेवढाच. उपाशीपोटी पळवलं की हा तापणार, आतला पिस्टन फुगणार आणि सिलिंडरला असा मिठी मारणार की सोडवायला मीच लागणार. तेव्हा घास वाढवायचा. मोठं जेट."

बोलणं सोळा आणे खरं. पण ते जेट निवडायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीच्या तोंडात डॉक्टरांची कवळी होती.

डब्यातलं पहिलं जेट ओठात धरलं, फुंकलं. गाल फुगलेच नाहीत. "मोठंय," मिस्त्री म्हणाला. दुसरं घेतलं. तेही मोठं. तिसरं त्याहून. मिस्त्रीला नवल वाटलं. डबाभर जेटं एकाएकी वयात आल्यासारखी वाढली कशी? वारा जेटमधून कमी आणि ओठाच्या फटीतून जास्त चालला होता, पण हे त्याच्या ध्यानात यावं कसं? माणूस सगळ्या जगावर संशय घेतो, स्वतःच्या तोंडावर घेत नाही. शोधता शोधता गाल पूर्वीसारखे फुगवणारं एक जेट सापडलं. ते अर्थातच बारीक होतं. जुन्यापेक्षा मोठं, पण पाहिजे त्याच्या निम्म्या वाटेवर अडकलेलं. मिस्त्रीनं ते बसवलं, सीटवर थाप मारली.

"चपखल!" कवळीनं वरून टक्क करून अनुमोदन दिलं.

आणि गाडी? काय वर्णावं! आवाज तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा, हात लावला की उडी. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन आधी असंच पळतं. दिवा विझायच्या आधी मोठा होतो, पण बघणाऱ्याला उजेडच दिसतो. डॉक्टर खूष. साडूच्या पोटात दुखायला लागलं. आपली गाडी खोकते आणि ह्या फुंकणाऱ्याच्या हातची उडते म्हणजे काय! डॉक्टर एकदा चेन घेण्यासाठी दुकानात आले, गाडी दारात ठेवून शेजारी फोनवर बोलत राहिले. तेवढ्यात साडूनं "जरा पाहतो" म्हणून कार्बोरेटरची खालची वाटी काढली, जेटवरचा नंबर वाचला, आणि वाटी गुपचूप लावून टाकली. संध्याकाळी स्वतःच्या गाडीत त्याच नंबरचं जेट, त्याच्याच पिशवीतलं. आयुष्यभर ज्याची टिंगल केली त्याची पहिल्यांदा नक्कल केली, आणि ती नेमकी चुकीची. नशीब म्हणतात ते हेच.

डॉक्टरांनी आणखी एक कौतुक केलं. प्लग काढून पाहिला. टू-स्ट्रोकची प्रकृती प्लगच्या टोकावर दिसते. हा निघाला पांढराशुभ्र. डॉक्टरांना जो आनंद झाला! रुमालात गुंडाळून शर्यतीच्या मंडळींना दाखवत फिरले, "बघा, कसा मोत्यासारखा! एक डाग नाही. याला म्हणतात निगा." मंडळींनी माना डोलावल्या. डॉक्टर पांढऱ्याला चांगलं म्हणतायत म्हटल्यावर वाईट कोण म्हणणार?

हे सगळं मिस्त्रीच्या कानावर आलं असतं तर तो तेव्हाच धावला असता. पण चूक कळली ती शर्यतीच्या दिवशी, आणि तीही अशी.

दुपारचं जेवण झालं होतं. हिरड्या ठणकत होत्या म्हणून कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली होती. बायकोनं फळी पुसताना बापाचं जुनं स्टोव्हचं बोंड खाली काढलं. दोऱ्यात ओवलेलं, मिस्त्रीनं जपून ठेवलेलं.

"हे टाकू का?"

"हात लावू नकोस! माझं शाळेचं प्रगतिपुस्तक आहे ते."

लाडानं त्यानं ते ओठात धरलं आणि फुंकलं. बोळक्या ओठांनी पितळेवर घट्ट झाकण बसवलं, गाल टम्म फुगले आणि लहानपणची ती बारीक, सुईसारखी शिट्टी खोलीभर घुमली. बायकोसुद्धा फडकं घेऊन थबकली. मिस्त्रीचे डोळे भरून आले. "ऐकलंस? बाप बोलला."

"मग आता सासऱ्यांना दात लावून पण बोलू द्या," ती हसून म्हणाली.

त्यानं पेल्यातून कवळी काढून बसवली आणि पुन्हा फुंकलं. शिट्टी नाही. गाल नाहीत. ओठाच्या कोपऱ्यातून नुसतं फुस्स. पुन्हा फुंकलं. फुस्स. कवळी काढली, फुंकलं: शिट्टी. घातली: फुस्स.

मिस्त्रीचा चेहरा उतरत गेला. डब्यातली जेटं वाढली म्हणता येत होतं. पण बापाचं बोंड? ते काही वाढणार नव्हतं. म्हणजे बदललं होतं ते तोंड.

"अगं," तो हळूच म्हणाला, "डॉक्टरांच्या गाडीत मी दातांनी फुंकून जेट टाकलंय."

"मग?"

"मग ती उपाशी पळतेय. वारा ओठाच्या फटीतून गेला, म्हणजे जेट फार बारीक बसलंय. साध्या रस्त्यावर निभावलं असेल. आज पूर्ण जोर लावून चढ घेतील, माथ्यावरून उतरताना इंजिन आवळलं तर चाकं धरतील आणि माणूस भिरकावला जाईल."

"मग जा, उघडा आणि बदला."

"उघडू?"

"नाहीतर काय! त्यांना सांगणार का, तुमचं वजन वाढलंय म्हणून? भिरकावले गेल्यावर?"

मिस्त्री उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर असा उभा राहिला. माळावर सगळं गाव असणार. साडू असणार. आजवर तक्रार घेऊन आलेले आणि स्वतःलाच दोष देत परत गेलेले निम्मे लोक असणार. त्यांच्यासमोर वाटी उघडायची म्हणजे आजवर मारलेल्या प्रत्येक थापेवर संशयाची थाप. उघडली नाही तर? गाडी आवळल्यावर म्हणता येईल, पेट्रोल खराब होतं. कुणालाही पटेल. मिस्त्रीच्या तोंडात वाक्य तयारसुद्धा झालं होतं.

बायकोनं जेटचा डबा त्याच्या काखेत कोंबला. मग तो पळाला, आणि आता आपण त्याच्याबरोबर माळावर पोचलो.

डॉक्टर हातमोजे चढवत होते. शेजारी साडू आपल्या गाडीवर, आज ऐटीत. मिस्त्रीनं गाडीच्या हँडलवरच हात टाकला. धाप लागलेली, दात नाहीत, त्यामुळं अर्धी अक्षरं वाऱ्यावर गेली. पण अर्थ पोचला.

"डॉक्टर, उतरा. जेट बदलायचंय."

"कुणाचं?"

"याचं. मी बसवलेलं."

आजूबाजूच्या माना वळल्या. मिस्त्रीच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. कवळी असताना नाही आणि खरे दात असतानाही नाही.

"अहो, वाऱ्यासारखी पळतेय! तुम्हीच म्हणालात चपखल."

"मी म्हणालो."

"मग?"

"चुकलं."

साडू पोट धरून हसायला लागला. "ऐका रे ऐका! वारा फिरला! साडूबुवा, फुंकर चुकली का? नंबर वाचायचा होतात!"

मिस्त्रीनं पान्यानं प्लग काढून डॉक्टरांसमोर धरला. "हे बघा."

डॉक्टर हसले. "पाहिलंय. पांढराशुभ्र. मंडळींना दाखवलाय मी."

"डॉक्टर, तुमच्या दुकानात पांढरं म्हणजे चांगलं. माझ्या दुकानात चहा पिऊन पिऊन डागळल्यासारखं दिसलं की चांगलं. हा पांढरा झालाय तो भाजून. आत भट्टी पेटलीय. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. असाच चढ घेतलात तर माथ्यावर पिस्टन धरेल. मग दात बसवायला तुम्हालाच दुसरा डॉक्टर शोधावा लागेल."

दाताचं नाव निघाल्यावर डॉक्टर जरा मागं सरकले. इकडं साडूचं हसणं निम्म्यात अडकलं. चढावर जाताना फटफटी अडकते तसं. प्लग पांढरा म्हणजे भाजलेला, हे ऐकताच त्याचा हात आपल्याच प्लगच्या टोपीकडं गेला आणि परत आला. त्यानं सकाळीच पाहिला होता. तोही मोत्यासारखाच होता. आता करायचं काय? "साडूबुवा, माझंही जेट बघा" म्हणायचं तर, हे जेट तुझ्याकडं आलं कुठून, हा प्रश्न येणार. त्यानं चौफेर नजर टाकली, घसा खाकरला आणि हेल्मेट घातलं. नक्कल कबूल करण्यापेक्षा इंजिन गेलेलं परवडलं, असा त्याचा हिशेब झाला असावा. काच खाली ओढली म्हणून चेहरा काही दिसला नाही.

मिस्त्री गवतात मांडी घालून बसला. वाटी उघडली. आपलंच जेट आपल्या हातानं काढताना त्याची बोटं क्षणभर थांबली. ते त्यानं खाली गवतावर ठेवलं, झाकून नाही, सगळ्यांना दिसेल असं. मग डब्यातून एकेक घेऊन बोळक्या ओठांनी फुंकत गेला. मंडळी वाकून बघत होती. फुंक, मान हलव, टाक. फुंक, मान हलव, टाक. मग एकाला गाल असे फुगले की मिस्त्रीचे डोळेच मिटले. ते बसवलं. वाटी लावली, नवा प्लग लावला. हात सवयीनं सीटकडं गेला आणि अर्ध्यावरून त्यानं तो मागं घेऊन पँटला पुसला.

"चपखल नाही का म्हणणार?" कुणीतरी मागून विचारलं.

"वर जाऊन येऊ द्या. मग म्हणतो."

गाडी सुरू झाली. आधीसारखा तडतडाट नाही. जरा जाडसर आवाज, सायलेन्सरातून थोडा धूर. मंडळींना मजा वाटली नाही. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "आवाज बसला हो हिचा!"

"जेवलेला माणूस ओरडत नाही, डॉक्टर. जा."

शर्यतीची शिट्टी झाली. साडू सुसाट पुढं. त्याची गाडी किंचाळतच चढली. डॉक्टर मागं पडले आणि मागूनही मिस्त्रीला शिव्या देत असावेत, हात हलताना दिसत होता. माथ्याच्या थोडं अलीकडं साडूच्या किंचाळीचा सूर एकदम वर गेला. मिस्त्री इकडं ताडकन उभा राहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "अरे, ही तर माझीच चूक पळतेय." तेवढ्यात 'खट्' आवाज झाला. मागची चाकं थांबली. चढ होता म्हणून माणूस भिरकावला गेला नाही. गाडी आधी विचार केल्यासारखी थांबली, मग साडूसकट मोठ्या अदबीनं मागं मागं घसरत येऊन झुडपात बसली. साडूच्या अंगावर ओरखडे, अभिमानाला त्याहून खोल. मिस्त्री धावत पोचला तेव्हा साडू हेल्मेट न काढताच म्हणाला, "पेट्रोल खराब होतं."

मिस्त्रीनं त्याच्याकडं पाहिलं. वाक्य ओळखीचं होतं. "असेल," तो म्हणाला, "आणि तुमचं वजनही वाढलं असेल. चला, हात द्या." साडूनं हात दिला. कुणाचं जेट, कुठला नंबर, हे मिस्त्रीनं विचारलं नाही. घरी बायकोला मात्र सांगितलं, आणि तिनं बहिणीला, म्हणजे ते सगळ्यांना कळलं.

डॉक्टर माथ्यावरून वळसा घालून सुखरूप खाली आले. पहिले नव्हे, पण दोन्ही हात आणि सगळे दात शाबूत. खाली येताच त्यांनी प्लग काढायला लावला. टोक तपकिरी निघालं, चहा ओतून ठेवलेल्या कपाच्या तळासारखं. डॉक्टरांनी तो लांब धरून नाक मुरडलं. "किडल्यासारखा दिसतोय." मग झुडपाकडं पाहिलं, साडूच्या गाडीकडं पाहिलं, आणि प्लग रुमालात न गुंडाळता खिशात टाकला.

आता मिस्त्रीनं सीटवर थाप मारली. पण शब्द तोंडातून निघाला तो दातांवाचून नुसती वाफ होऊन.

डॉक्टरांचा हरवलेला सूर परत आला. चारचौघांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "काय मिस्त्री, एवढी झकास कवळी करून दिली आणि ती खिशात घेऊन फिरता? घाला की तोंडात! अशी चपखल बसवलीय मी, तुम्हाला वापरायला नको."

मिस्त्रीनं खिशातून कवळी काढली, शर्टाला पुसली आणि गवतातल्या त्या बारीक जेटासकट डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "डॉक्टर, माझं चुकलेलं काम मी गावासमोर उघडून परत बसवलं, आता तुमचं तुम्ही उघडा, आणि माझी हिरडी बदललीय, सवय होईल, असं पुन्हा म्हणू नका, ती वाक्यं माझी आहेत, आणि ती मी आजपासून वापरायची सोडलीयत."